लटारूभाऊंसाठी एक पुस्तक

मित्रांनो, कडी जरा हळू वाजवा. कडी वाजली की मला अजूनही वाटतं, नाटकाची गाडी सुटायला झाली, आणि माझा जीव खालीवर होतो. मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. रंग निळा, म्हणजे कधीकाळी निळा. एका बाजूला पोचा आलाय, पण पोचा न आलेलं भांडं कोणाच्या घरात असतं, सांगा बरं? आज माझ्या पोटात पुस्तकं आहेत. माझी मालकीण सुगंधाबाई अख्ख्या गावाला, ज्याला जे रुचेल ते पुस्तक काढून देते. पण एका माणसाला पुस्तक देता देता तिच्या नाकी नऊ आले. तो माणूस म्हणजे तिचा स्वतःचा नवरा. ती गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, पण आधी माझी ओळख होऊ द्या.

माझा जन्म वडशाचा. रेल्वे स्टेशनच्या मागं बापूजी पेटीवाल्यांचं दुकान होतं. त्यांनी नवा कोरा पत्रा कापला, लाकडी हातोड्यानं ठोकून ठोकून त्याला कोपरे काढले आणि कडी-कोयंडा बसवला. ठोके खाताना काय कमी दुखलं असेल? बापूजी मध्येमध्ये तंबाखू मळायला थांबत, तेवढाच काय तो आराम. मग त्यांच्या घरच्या ताराबाईनं मला निळा रंग दिला आणि झाकणावर दोन पोपट काढले. एक पोपट जरा कोंबडीसारखा झाला. "राहू द्या, दुरून पोपटच दिसते," म्हणत तिनं ब्रश धुऊन टाकला. तेव्हापासून एक पोपट आणि एक कोंबडी घेऊन मी हिंडते आहे.

मला विकत घेतलं एका नाटक मंडळीनं. दिवाळी झाली, धान कापून झाला की आमच्याकडं गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. मग काय विचारता! कुरखेडा, आरमोरी, ब्रह्मपुरी, गावामागून गाव. माझ्या पोटात शालू, दाढ्या, मिशा, लाकडी तलवारी आणि राणीच्या गळ्यातले खोटे हार. गाडी गावात शिरली की पोरं ओरडत मागं धावायची, "पेटी आली रे, पेटी आली!" नटांआधी माझं स्वागत व्हायचं. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा जरा गर्वच झाला होता.

आमच्या मंडळीची नायिका होती सुगंधाबाई आणि खलनायक होते लटारूभाऊ. लटारूभाऊंनी रंगमंचावर एक पाऊल टाकलं की लेकरं आईच्या पदरात तोंड लपवत. दुसऱ्या दिवशी नळावरच्या बाया त्यांच्या नावानं बोटं मोडत. प्रत्यक्षात माणूस असा, की हातून चहा सांडला तर कपाची माफी मागेल. या दोघांचं लग्न ठरलं तेव्हा सुगंधाबाईच्या आईला शेजारणी विचारत होत्या, "काऊन वो, पोरगी त्या दुष्टाले देऊन राह्यली का?" आई बिचारी हसून हसून बेजार झाली.

दिवस काही कोणासाठी थांबत नाहीत, मित्रांनो. मंडळीनं चाकांच्या हलक्या पेट्या आणल्या आणि मी अडगळ झाले. सुगंधाबाईनं काम सोडलं, तेव्हा निरोपाच्या नारळ-साडीबरोबर मंडळीनं तिला मलाही देऊन टाकलं. मी कुरखेड्याजवळच्या या गावात आले आणि खाटेखाली गेले. आधी माझ्यात गोधड्या ठेवल्या. मग एक पावसाळाभर वाळलेली मोहफुलं ठेवली. अजूनही ऊन तापलं की माझ्या पत्र्याला तो वास सुटतो. एका उंदरिणीनं माझ्या पोटात बाळंतपणही उरकलं. पेटी आली म्हणून धावणारी पोरं आता माझ्यावर उभी राहून वरच्या फळीवरचा गूळ काढायची. वाईट वाटायचं हो, फार वाईट वाटायचं.

मग गावच्या शाळेतल्या मॅडमची बदली झाली. त्यांच्याकडं पुस्तकांची दोन पोती होती आणि सामानाच्या गाडीत जागा नव्हती. त्या सुगंधाबाईकडं आल्या आणि म्हणाल्या, "बाई, ही तुमच्याकडं ठेवा. वाचली गेली पाहिजेत, एवढंच." सुगंधाबाईनं त्याच दुपारी गोधड्या बाहेर फेकल्या, मला अंगणात ओढलं, कडुलिंबाच्या पाण्यानं धुतलं आणि उन्हात ठेवलं. संध्याकाळी पुस्तकं आत आली. लहानांची, मोठ्यांची, हसवणारी, घाबरवणारी. काहींचे पुठ्ठे वाचून वाचून सुटलेले. शालू आणि मिशा वाहिलेली मी, पण पुस्तकाचं वजन वेगळंच असतं. मला पुन्हा गाडीत चढल्यासारखं वाटलं.

आता पुस्तक कोणाला कोणतं द्यायचं? इथं सुगंधाबाईची युक्ती ऐका. पुस्तक मागायला माणूस आला की ती "काय आवडते तुले?" असं कधी विचारत नाही. ती विचारते, "मांगच्या मंडईत नाटक पाह्यलं ना? त्याच्यात कोन आवडला?" झालं! आमच्या भागात नाटक न पाहिलेला माणूस सापडायचा नाही आणि ज्याला कोणीच आवडलं नाही असाही सापडायचा नाही. त्या उत्तरावरून ती पुस्तक काढते, दिग्दर्शक नटाला काम देतो तसं.

तलावावर मासे धरणारे पत्रूभाऊ म्हणाले, "बाई, मले तो शिपाई आवडला. सगळ्याईच्या खिशात हात घालून पाहत होता तो." सुगंधाबाईनं लगेच खुनाची रहस्यकथा काढून दिली. पत्रूभाऊ तलावाच्या पाळीवर वाचत बसले, तिकडं मासे जाळ्यात आले आणि निघूनही गेले. पुस्तक परत आलं तेव्हा त्याला मासळीचा वास येत होता. मी नाक मुरडलं, पण पत्रूभाऊंचे डोळे असे चमकत होते की मी लगेच माफ केलं.

तिसरीतली रिंकू म्हणाली, "मले घोडा आवडला." नाटकातला घोडा म्हणजे चादर पांघरलेली दोन माणसं. सुगंधाबाईनं तिला जनावरांच्या चित्रांचं पुस्तक दिलं. त्यात हत्तीची सगळी माहिती होती. त्याच हंगामात आमच्या बाजूला रानटी हत्तींचा कळप धानात शिरला आणि अख्खं गाव रिंकूच्या दारात. "पोरी, हत्ती मिरचीच्या धुराले भेते म्हनून लेह्यलं हाय का त्याच्यात?" मोठी माणसं ओट्यावर बसून तिसरीतल्या पोरीकडून वाचून घेत होती. रिंकू त्या आठवड्यात गावात फार ताठ चालायची.

असं सगळं छान चाललं होतं. फक्त घरातला माणूस तेवढा राहिला होता.

लटारूभाऊंचे गुडघे गेले आणि त्यांना रंगमंच सोडावा लागला, तेव्हापासून त्यांचं बोलणं आटत चाललं होतं. आधी कमी बोलायचे. मग नुसतं 'हाव' आणि 'नाई'. मग तेही मानेनंच. ओसरीवर खांबाला टेकून बसायचे आणि समोरच्या कुंपणाकडं पाहत राहायचे. एकदा सगळी माणसं गेल्यावर सुगंधाबाई माझ्यात पुस्तकं लावत होती. लावता लावता ती माझ्याशीच बोलली. "ह्या माणसाच्या एका डरकाळीनं पब्लिक हादरत होती. आता हा मुका होऊन राह्यला. मले घरात दोन मानसं पाह्यजेत वो. एक मी आन् दुसरा खांब, असं नाई पाह्यजे." तिनं पदरानं डोळे पुसले. मी पेटी, मी काय करणार? पण त्या दिवशी मला कळलं, की गावभर पुस्तकं वाटणाऱ्या या बाईला खरं तर एकाच माणसासाठी पुस्तक शोधायचं आहे.

नवऱ्याला कोण आवडतं हे विचारायची गरजच नव्हती. सुगंधाबाईनं पहिल्यांदा पुराणातल्या राक्षसांची जाडजूड कादंबरी दिली. लटारूभाऊंनी चहाच्या आधी घेतली आणि सुगंधाबाई कप विसळून येईपर्यंत परत ठेवली.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"कसं होतं?"

"लहान."

उशाला घेतलं तर मान अवघडेल एवढं ते पुस्तक, आणि म्हणे लहान! मग तिनं लढायांची ऐतिहासिक कादंबरी दिली. तीही तासाभरात परत. "बरं होतं. पन त्याले बोलूच देत नाईत," एवढाच अभिप्राय. एका बाईनं सायकलवरून देश पालथा घातला, त्या प्रवासाचं पुस्तक दिलं. त्याची त्यांनी चार पानं उलटली आणि ते मिटवलं. "याच्यात आपलं कोनी नाई." विनोदी कथा दिल्या, त्यावर नुसती मान हलली. शेवटी धानावरच्या रोगांचं पुस्तक दिलं, म्हटलं नाटकाचा हंगाम सोडला तर शेतकरीच माणूस, निदान हे तरी. तर लटारूभाऊ म्हणाले, "तुडतुडा हाय याच्यात. पन बोलत नाई."

सुगंधाबाई कपाळावर हात मारून माझ्या शेजारी बसली. तुडतुडा म्हणजे धानाचा रस शोषणारा किडा, तो कधी बोलला होता का कुठं?

एक मात्र चांगलं झालं. लटारूभाऊंनी नाकारलेली पुस्तकं गावात आपापल्या माणसाला सापडली. पोलीस भरतीसाठी रोज सकाळी डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या मयुरीला सुगंधाबाईनं सायकलवाल्या बाईचं पुस्तक दिलं. "मले गाईड पाह्यजे होतं, काकू," मयुरी कुरकुरली. "गाईड डोक्याले. हे पायाले," सुगंधाबाई म्हणाली. मयुरीनं ते दोनदा वाचलं आणि मग धावताना हसायलाही लागली. सरपंच नीलाबाईंना वाचायला वेळच नसतो. त्यांना विनोदी कथा दिल्या. "एक गोष्ट, एक भात. भात शिजेपर्यंत एक होते," असं सांगून दिल्या. पहिल्याच दिवशी नीलाबाईंचा भात करपला, पण त्यांच्या घरातून हसण्याचा आवाज आला.

गावात मात्र भलतीच हवा झाली. "लटारूभाऊ तासाभरात बुक संपवते!" पत्रूभाऊ तर तलावावर फुशारकी मारत सांगायचे, जणू ते स्वतःच वाचत होते. एका दुपारी ते मुद्दाम आले. "बाई, भाऊले माह्यं पुस्तक द्या. खुनाचं. कसा मानूस हलत नाई पाहू."

सुगंधाबाईनं दिलं. पत्रूभाऊ ओसरीवरच ठाण मांडून बसले. लटारूभाऊंनी पानं भराभर उलटली, कुठं थांबले, ओठ हलवले, पुन्हा उलटली. पत्रूभाऊंची विडी संपायच्या आत पुस्तक मिटलं.

"मंग भाऊ?" पत्रूभाऊ पुढं सरकले. "शेवटी धक्का बसला का नाई?"

"कायचा धक्का?"

"अहो, खून कोनं केला त्याचा!"

"तो जंगलातला ठेकेदार. जाड्या मिशीचा. आल्या आल्या समजलं मले."

पत्रूभाऊंचं तोंड उघडं ते उघडंच. ते काही बोलणार एवढ्यात सुगंधाबाईनं दारातून डोळे वटारले. वाचलेल्या माणसानं न वाचलेल्याला शेवट सांगायचा नाही, हा या पेटीचा एकमेव नियम आहे. पत्रूभाऊंनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं.

सुगंधाबाई हळूच नवऱ्याजवळ येऊन बसली. "तुमी काय काय वाचलं याच्यात?"

"ठेकेदाराचं."

"आन् बाकीच्याईचं?"

लटारूभाऊंनी तिच्याकडं असं पाहिलं, जणू तिनं शेजाऱ्याच्या चुलीवरची भाजी चाखायला सांगितली. "बाकीच्याईचं मी काऊन वाचू? ते त्याईचं काम हाय."

आता तुम्हाला एक समजावून सांगते. आमच्या मंडळीत अख्खं नाटक नटाच्या हातात कधीच पडत नसे. ज्याला जे काम, त्याला तेवढीच वाक्यं कागदावर लिहून मिळत. त्याला नक्कल म्हणतात. आपली नक्कल पाठ करायची आणि दुसऱ्याच्या नकलेत डोकं घालायचं नाही, ही तिथली रीतभात. लटारूभाऊ उभा जन्म तसंच वागले. मग हातात पुस्तक आलं तेव्हाही त्यांनी तेच केलं. आधी खलनायक शोधायचा, त्याची वाक्यं वाचायची आणि पुस्तक इमानदारीत परत करायचं. म्हणून पुराणातली कादंबरी लहान. म्हणून सायकलवाल्या बाईच्या पुस्तकात आपलं कोणी नाही. आणि तुडतुडा बिचारा बोलतच नाही!

सुगंधाबाई हसायला लागली. अशी हसली, की तिला माझा आधार घ्यावा लागला. पत्रूभाऊ हसले. लटारूभाऊ मात्र हसले नाहीत. त्यांचं तोंड पडलं. "माह्यं काय चुकलं?" त्यांनी विचारलं, आणि तिचं हसू एकदम थांबलं.

"तुमचं काईच नाई चुकलं," ती म्हणाली. "चूक माह्यी. मी पुस्तकं देत गेली, पन पार्ट सांगितलाच नाई."

आमच्या अंगणात दर रविवारी सकाळी पोरं जमतात आणि सुगंधाबाई त्यांना एक गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवते. त्या रविवारी मला अंगणात मोहाच्या झाडाखाली मांडलं. पोरं बसली. सुगंधाबाईनं पुस्तक उघडलं आणि तिच्या घशातून आवाजच निघेना. घसा बसला होता की बसवला होता, ते मी सांगणार नाही. नायिकेची पेटी आहे मी, तेवढं गुपित राखायलाच हवं.

तिनं खुणेनं लटारूभाऊंना बोलावलं. पुस्तक त्यांच्यापुढं धरलं. खादाड अस्वल, शहाणा बगळा आणि एक भांडखोर म्हातारी, अशी गोष्ट.

"अस्वलाचं वाचतो," लटारूभाऊ म्हणाले.

"अस्वल नाई," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आज प्रॉम्प्टर आला नाई. तुमी प्रॉम्प्टर."

लटारूभाऊंची पाठ सरळ झाली. प्रॉम्प्टर! म्हणजे पडद्यामागं बसून नटांना वाक्यं पुरवणारा. अख्खं नाटक हातात असलेला मंडळीतला एकमेव माणूस. त्यानं सगळ्यांचं वाचायचंच असतं. त्यांनी चष्मा पुसला, पुस्तक दोन्ही हातांत घेतलं आणि अगदी हळू, सपाट आवाजात सुरुवात केली.

"आबाजी, ऐकूच नाई येऊन राह्यलं!" रिंकू पुढून ओरडली.

"प्रॉम्प्टरचं लोकाईले ऐकू येऊ नये, पोरी," लटारूभाऊ गंभीरपणे म्हणाले.

"मंग आमी काय पाहू?"

त्यांनी पुस्तकाकडं पाहिलं. पोरांकडं पाहिलं. नेमकं पुढचंच वाक्य अस्वलाचं होतं. आणि मित्रांनो, काय सांगू! अशी डरकाळी फुटली, की कोंबड्या कुंपणावरून पलीकडं गेल्या आणि माझा पत्रा झणझणला. रिंकू मागच्या पोरावर पडली. रस्त्यानं जाणाऱ्या नीलाबाई थांबल्या. धावून परत येणारी मयुरी थांबली. डरकाळीला बगळ्यानं उत्तर द्यायला हवं होतं, तर लटारूभाऊंनी नाक चिमटीत धरून बगळा केला. मग म्हातारी आली आणि ते अडले. बाईचं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. त्यांनी क्षणभर सुगंधाबाईकडं पाहिलं, आणि मग कमरेवर हात ठेवून म्हातारी अशी भांडली, अशी भांडली, की सगळं अंगण वळून सुगंधाबाईकडंच पाहायला लागलं. हुबेहूब तीच! सुगंधाबाई बसलेल्या घशानं खणखणीत हसली.

त्या दिवशीचा भाग संपला. पोरं उठली. लटारूभाऊ उठेनात. "थांब," ते पान उलटत म्हणाले, "अस्वलाचं पुढं काय होते, पाहू दे मले."

दुसऱ्या दिवशी माझी कडी वाजली. झाकण उघडलं, आणि वर लटारूभाऊंचा चेहरा! या घरात आल्यापासून त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. त्यांनी वरची पुस्तकं बाजूला केली आणि पत्रूभाऊंचं ते खुनाचं पुस्तक काढून घेतलं. ओसरीवर बसले आणि पहिल्या पानापासून सुरू झाले. ओळीवर बोट ठेवून वाचत. कधी भुवया चढत, कधी ते स्वतःशीच "अरे देवा" म्हणत. चहा निवून जाई. पत्रूभाऊ रोज येऊन विचारत, "भाऊ, आता काऊन येवढा वेळ लागून राह्यला?"

"आता सगळ्याईचं वाचून राह्यलो," लटारूभाऊ नजर न उचलता सांगत. पत्रूभाऊ पुन्हा तोंड दाबून परत जात.

एका सकाळी सुगंधाबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. लटारूभाऊ ओसरीवरून उतरले, काठी विसरून उतरले. पुस्तक छातीशी धरलेलं.

"सुगंधा! तो ठेकेदार नाई वो!"

"काय झालं?"

"त्यानं काईच नाई केलं! तो म्हनते ना त्या पोरीले, 'दार उघडू नको, नाईतं पस्तावशीन'? मी तेवढंच वाचलं होतं. मले वाटलं, धमकी देऊन राह्यला. अवं, दाराबाहेर तो वैद्य उभा होता, गोड गोड बोलनारा! ठेकेदार तं पोरीले वाचवून राह्यला होता. शेवटपर्यंत वाचवत होता बिचारा, आन् सगळ्याईनं त्यालेच दोष देल्ला. मी बी देल्ला."

एवढं सलग बोललेले लटारूभाऊ मी कित्येक वर्षांत ऐकले नव्हते. सुगंधाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. ते माझ्यावर येऊन बसले, दमले होते. मग हळूच म्हणाले, "सुगंधा, मी मेल्यावर काय होत होतं?"

"काय अभद्र बोलता भरल्या घरात!"

"नाटकात वो. तिसऱ्या अंकात मले मारत होते. मी मांगं जाऊन तोंडाचा रंग पुसत बसत होतो. पुढं काय होत होतं, ते मले कोनं सांगितलंच नाई. मी बी कधी इचारलं नाई. दुसऱ्याचं काम होतं ते."

सुगंधाबाईनं सूप खाली ठेवलं. "कोनत्या नाटकात?"

"सगळ्याच."

ती त्यांच्या शेजारी बसली. दोघांचं वजन माझ्यावर होतं, पण मी हूं की चूं केलं नाही. "ज्याच्यात तुमी माह्ये दीर होते, मले घराबाहेर काढनारे," ती म्हणाली, "त्याच्यात तुमी मेल्यावर मी तुमच्या पायाशी बसून रडत होती."

"मी येवढं छळलं, तरी?"

"हाव. मंग समजे, का दिरानं घर वाचवाले ते सगळं केलं होतं. लय मोठं दुःखाचं गानं होतं माह्यं. पब्लिक बी रडत होती."

"ते रडनं मले मांगं ऐकू येत होतं," लटारूभाऊ म्हणाले. "मले वाटे, नायकासाठी रडून राह्यले."

"नाई," सुगंधाबाई म्हणाली. "तुमच्यासाठी."

लटारूभाऊंनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसला आणि पुन्हा घातला. मग म्हणाले, "बरं. दुसऱ्या नाटकाचं सांग."

ती अजून सांगते आहे, मित्रांनो. चाळीस वर्षांची नाटकं काय एका दिवसात संपतात? सकाळी ती एका नाटकाचा शेवट सांगते, दुपारी ते पुस्तक वाचतात, संध्याकाळी पत्रूभाऊ, मयुरी आणि रिंकूला बोलावून वाचलेल्यावर वाद घालतात. ओसरीवरचा खांब आता मोकळा असतो. रविवारची डरकाळी ऐकायला शेजारच्या गावाहून पोरं येतात आणि जाताना प्रत्येकाच्या हातात माझ्या पोटातलं एखादं पुस्तक असतं.

माझं मागणं फार नाही. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी पेटी असेल तर पावसाळ्यात तिला भिंतीला चिकटवून ठेवू नका, पत्रा गंजतो. पुस्तकांत कडुलिंबाचा पाला टाका. पानाचा कोपरा दुमडू नका, मासळीच्या हातानं धरू नका. पत्रूभाऊ, तुम्हीही ऐका. आणि घरात कोणी गप्प बसलं असेल तर त्याच्या हातात एक पुस्तक द्या. पहिलं नाही रुचलं तर दुसरं द्या, तेही परत आलं तर तिसरं द्या, आणि का परत आलं ते शेजारी बसून विचारा. आमची सुगंधाबाई जर तुडतुड्याच्या पुस्तकापाशी कंटाळली असती, तर गावोगावची ती माणसं आपल्यासाठी रडत होती, हे लटारूभाऊंना कधी कळलंच नसतं.